पहिल्या दिवशी आम्ही गुणी असतो

मी बोलतेय, घिस्लेनच्या रक्तातली एक प्लेटलेट. आयुष्य जेमतेम दहा दिवसांचं आणि आज नववा, तेव्हा मध्येच टोकू नका.

जन्म हाडाच्या पोकळीतला. जखम झाली की धावायचं, एकमेकींना बिलगून गाठ बांधायची, हे आमचं काम. त्यासाठी लागणारी प्रथिनं पोटातल्या पिशव्यांत घेऊन हिंडतो. पण कॅनडातल्या क्वेबेकच्या या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एक खोड आहे. आमच्या पोटात एक आगाऊ विकर, म्हणजे एन्झाइम, नको तितकं भरलेलं असतं. त्याच्यापायी आमच्याच प्रथिनांचे तुकडे पडतात आणि बांधलेली गाठही विरघळते. लगेच नाही हं, दुसऱ्या दिवशी!

म्हणून या घरात दात काढला की त्या दिवशी कुणी हुश्श करत नाही. "उद्या बोल," म्हणतात.

घिस्लेनला हे सगळं थोतांड वाटायचं. गुरुवारी तिची अक्कलदाढ काढली. रक्त पटकन थांबलं. आम्हीही फुशारलो.

"गाठ टिकवायच्या गोळ्या घेतल्यास का गं?" फर्नांद आत्याने फोनवर विचारलं.

"रक्तच नाही तर गोळ्या कशाला? आत्या, तुझं आपलं काहीतरीच!"

शुक्रवारी बाईसाहेब मेपलचा पाक उकळतात तिथे गेल्या. बर्फावर ओतलेला पाक काडीला गुंडाळून खाल्ला, फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, तालावर नाचल्या. दुपारी गोड तोंड खारट झालं. थुंकली तर बर्फ लाल.

इस्पितळात तरुण डॉक्टर म्हणाला, "प्लेटलेट चढवा." परक्या बहिणी आल्या. गुणाच्या होत्या बिचाऱ्या, पण आमची खोड कुठे जाणार? रक्त चालूच. घिस्लेन पांढरीफटक पडली. मी शेजारून वाहत सगळं बघत होते. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेवढ्यात आत्या आली. "किती पिशव्या दिल्या?"

"दोन. तिसरी देतोय."

"दहा दे, तरी थांबणार नाही! माझ्या आईलाही अशाच देत बसले होते. अरे बाळा, आमच्याकडे प्लेटलेट कमी नाहीत, खोडकर आहेत. गाठ विरघळू न देणारं औषध दे." तिने पर्समधून औषधाचं नाव लिहिलेली, घड्या पडलेली जुनी चिठ्ठी काढली.

डॉक्टरने ती वाचली आणि ओशाळला. "हे कालच द्यायला हवं होतं."

"मग कालपासून मी काय सांगतेय?"

औषध गेलं. नवी गाठ बांधली गेली, आणि काय सांगू, ती टिकली! शनिवारी घिस्लेन म्हणाली, "आत्या, थांबलं गं."

"उद्या बोल."

रविवारी उजाडताच घिस्लेनने आत्याचा हात हलवला. "आत्या, उद्या आला." खुर्चीत पेंगणारी आत्या आधी हसली, मग पदर नव्हता म्हणून बाहीने डोळे पुसत बसली.

माझं आता संपत आलं. मागून येणाऱ्या बहिणीही याच खोडीच्या असणार. त्यांच्यावर रागावू नकोस, घिस्लेन. फक्त पहिल्या दिवशी आमच्या गोडीला भुलू नकोस, आणि गोळी आधी घे. बरं, येते मी.