मशीनबाबांचा लाल ताईत

"मंत्रानं मशीन चाललं, तर माझी अर्धी मिशी तुझी!" वहिनीचा दीर म्हणाला.

"नाही चाललं तर माझी! भर चौकात!" गल्लीतल्या न्हाव्यानं टाळी दिली.

दारात जमलेली गल्ली खदाखदा हसली. वहिनीला हसू फुटेना. नवरा गेल्यापासून हे भरतकामाचं जुनं मशीनच घर चालवत होतं. त्याला नक्षी पाठवणारा कॉम्प्युटर जळला, केबलसकट भंगारात गेला. नव्या लॅपटॉपला मशीनची केबल लावायचं जुन्या पद्धतीचं रुंद पोर्टच नव्हतं. दिरानं बाजारातून अडॅप्टर आणि नवी केबल आणली. टोकं अगदी फिट्ट बसली. मशीन मात्र ढिम्म! उद्या शाळेच्या गणवेशांवर बोधचिन्हं झाली नाहीत, तर काम दुसरीकडे जाणार होतं. मग खायचं काय?

म्हणून न्हाव्यानं मशीनबाबांना आणलं होतं.

बाबांनी मशीनला कान लावला. "माई, तुमचे यजमान अडकलेत यात. कळवळतायत."

वहिनीनं पटकन मशीनवर हात ठेवला. बाबांनी केबल आणि मशीन यांच्यामध्ये लाल फडक्यात शिवलेला, दोन्ही टोकांना उघडा ताईत खोचला, डोळे फिरवले आणि कॉम्प्युटरचे शब्द मंत्रासारखे घुमवले. "कॉम पोर्ट फट्! ड्रायव्हर, जागा हो! बॉडरेट, शांत हो!"

सुई धाडधाड चालू लागली. गल्लीनं हात जोडले. न्हावी दिराच्या मिशीकडे बघून बोटांची कात्री करू लागला.

बाबांनी ताईत उपसला. सुई थांबली.

"बघितलंत? आत्म्याला सोडवायचं तर मशीन माझ्या मठात पोचवा. आणि ताईत उघडाल तर हात झडतील."

"वहिनी, ऐकू नकोस!" दीर ओरडला.

"तुझं ऐकूनच इथवर आले ना?" वहिनीचा आवाज फाटला. "न्या, बाबा. त्यांना त्रास नको."

गल्लीतल्या चौघांनी मशीनला हात घातला. वहिनी रडत बाबांच्या पाया पडली, त्यांच्या हातातला ताईत कपाळाला लावला. कपाळाला काहीतरी टोचलं. तिनं चाचपलं. कडक, चौकोनी, बाजूला दोन स्क्रू.

"बाबा, आत्म्याला स्क्रू असतात?"

बाबांनी ताईत ओढला. तिनं सोडला नाही. भरतकामाच्या कात्रीनं एका फटक्यात शिवण उसवली. हात झडले नाहीत. आतून दोन तोंडांचा एक प्लग निघाला.

दिरानं तो उघडून बघितला आणि कपाळ बडवून घेतलं. "तारा उलटसुलट जोडल्यात! वहिनी, माझी केबल सरळ होती गं. लॅपटॉपचं तोंड मशीनच्या तोंडाला, कान कानाला. दोघंही बोलतायत, ऐकणार कोण? यानं एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला लावलं."

"शक्ती फडक्यात आहे!" बाबा किंचाळले.

"मग बघूच," वहिनी म्हणाली. तिनं केबल थेट मशीनला लावून वर फडकं गुंडाळलं. सुई हलेना. फडकं भिरकावलं, मध्ये नुसता प्लग लावला.

धाडधाड, धाडधाड! बोधचिन्हाची पहिली कड उमटली.

"माझा नवरा आत कळवळतोय म्हणालास?" वहिनीनं कात्री रोखली. बाबा मठाच्या दिशेनं पळत सुटले.

"चाललं तर खरं!" न्हावी पुटपुटला.

"मंत्रानं?" अख्ख्या गल्लीनं विचारलं.

संध्याकाळी भर चौकात न्हाव्यानं आरसा धरून स्वतःचाच वस्तरा स्वतःच्या मिशीवर टेकवला. वहिनीनं मशीन मुद्दाम चौकाकडच्या दाराशी ओढलं होतं. गणवेशांवर बोधचिन्हं भरता भरता ती ओरडली, "केबल-अडॅप्टर घेताना टोक बसतं का एवढंच बघू नका, आतल्या तारा कशा आहेत तेही विचारा. आणि कुणी उघडू नका म्हणालं, तर आधी उघडा!"

"डावी बाजू की उजवी?" न्हाव्यानं रडवेल्या तोंडानं विचारलं.

"आत्म्याला विचार!" दीर म्हणाला.