लाल बादलीतली वाळू

मी वाळूची बादली बोलतेय. हो, तीच. पूर्वी व्हरांड्यातल्या भिंतीला आकड्यावर टांगलेली, तांबड्या रंगाची, पोटावर पांढऱ्या अक्षरांत 'आग' असं लिहिलेली. माझ्याखालून तुम्ही कितीदा तरी गेला असाल. मान वर करून पाहिलंत, असं मात्र मला आठवत नाही.

आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. जिच्या पोटावर जन्मापासून 'आग' लिहिलंय, तिनं निर्धास्त कसं राहायचं? कुणी विडी पेटवायला काडी ओढली तरी माझी कडी थरथरते. दार आपटलं की आतली वाळू सरकते. लोकांना वाटतं, वारा आला.

माझा जन्म साताऱ्याचा. नाथाजींच्या पत्र्याच्या दुकानात मी घडले. त्यांचा हातोडा पडला की मी किंचाळायचे आणि ते माझ्याशी बोलल्यासारखं स्वतःशीच बोलायचे. एकदा एका गिऱ्हाइकानं मला उचलून विचारलं, "नाथाजी, हिचं बूड गोल कशापायी केलंय? खाली ठेवली की कलंडतीया."

"कलंडायलाच पायजे," नाथाजी म्हणाले. "सपाट बूड केलं की कुणीबी उचलून न्हील न्हानीत पाणी भराया. ही टांगूनच राहती. आगीबिगर दुसऱ्या कामाला उपेगाची न्हाई."

मला आधी वाईट वाटलं, मग जरा अभिमानही. एकाच कामासाठी जन्माला आलेली वस्तू म्हणजे काही साधी गोष्ट नाही.

एस.टी.च्या टपावर बांधून आम्हा बादल्यांना कराडमार्गे सांगलीला आणलं. दर खड्ड्याला मला वाटायचं, आता सुटले, आता पडले. कॉमर्स कॉलेजच्या व्हरांड्यात एकदाची टांगले गेले तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला. माझ्या एका बाजूला नवीन ग्रंथालय, दुसऱ्या बाजूला मेसचा दरवाजा, आणि समोर एक छोटा वर्ग. त्या वर्गात चौऱ्याहत्तर साली विमा हा विषय सुरू झाला.

शिकवायला मानसिंग सर होते. बारीक अंगाचे, इस्त्री नसलेला पांढरा शर्ट, बगलेत कायम छत्री. उन्हाळा असो, हिवाळा असो. मुलं हसायची. सर म्हणायचे, "पाऊस येईल असं मला वाटत नाही. आला तर काय, एवढाच विचार मी केलाय."

मला त्या माणसाचं फार अप्रूप वाटायचं. आग, पूर, अपघात, मरण, असल्या गोष्टी ते रोज शिकवत, पण त्यांचा आवाज कधी चढला नाही. "विम्यानं आग विझत नाही," ते सांगत. "ज्याचं जळलं तो एकटा पडू नये, एवढ्यासाठी विमा. आता मला सांगा, जोखीम म्हणजे काय?"

"पहिल्या बाकावर बसणं, सर," मागून सयाजी म्हणाला. कोरेगावकडचा बागायतदाराचा मुलगा. घरातले दोन काका फौजेत, आणि हा विमा शिकायला आला म्हणून ते त्याला चिडवायचे म्हणे.

सर हसले. "बरोबर. आणि तू ती टाळलीस. आता टाळता येत नाहीत अशा जोखमींकडे वळू."

पहिल्या बाकावर बसायची ती हरणा. जतकडच्या मेंढपाळांची मुलगी. वडील बिराप्पा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे आणि ही मामाकडे राहून शिकत शिकत इथवर आली होती. पोर हुशार, पण माझ्यापेक्षा भित्री. सरांच्या हातातला खडू मोडला तरी दचकायची. घंटा व्हायची तेव्हा तर रोजच दचकायची, जणू घंटा पहिल्यांदाच होतेय. मला ती पहिल्या दिवसापासून आपली वाटली.

एकदा सरांनी विचारलं, "हरणा, तुमच्या कळपात लांडगा शिरला तर काय करता?"

ती उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "तळावरचं प्रत्येक घर एक-एक मेंढी देतं, सर. ज्याचं नुकसान झालं त्याला."

"फुकट?"

"फुकट नाही. उद्या त्यांच्यात लांडगा आला तर यानं द्यायची."

सरांचा खडू फळ्यावर टेकलेलाच राहिला. "आणि एखाद्यानं खोटंच सांगितलं तर? मेंढी विकली आणि म्हणाला, लांडग्यानं नेली?"

"बिरोबाचा भंडारा हातावर घ्यावा लागतो," हरणा म्हणाली. "आणि सगळं सांगावं लागतं. राखणीला बसल्यावर झोप लागली असेल तर तेही. कुणी विचारलं नसलं तरी. सांगितलं तर मेंढ्या मिळतात. लपवलं आणि मागाहून कळलं तर तळावर कुणी चिलीम देत नाही."

सरांनी फळ्याकडे वळून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'परम सद्भाव'. म्हणाले, "विम्याचा सगळा डोलारा यावर उभा आहे. समोरच्यानं न विचारलेली गोष्टसुद्धा आपण होऊन सांगायची. पुस्तकात हे दहा पानांत दिलंय. हरणानं उभ्या उभ्या सांगितलं. बस."

ती बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. पण त्या दिवशी घंटेला ती दचकली नाही.

आता मेसकडं वळते. मेस सांभाळायची तानुबाई. उंचीपुरी, बोलायला फटकळ. नवरा वारल्यावर दोन मुलींना घेऊन सांगलीत आलेली. दुपारी स्वयंपाक उरकला की ती फाटकापाशी भाजलेल्या शेंगा विकायची. तिच्या शेंगांवर सगळं कॉलेज फिदा होतं. प्राचार्य लालासाहेबसुद्धा शिपायाकडून पुडी मागवायचे.

आणि त्या शेंगा कशात भाजल्या जायच्या, सांगू? माझ्या वाळूत.

नदीची वाळू तिला चालायची नाही. माती येते म्हणायची. आमची वाळू चाळून भरलेली, बारीक, एकसारखी तापणारी. तानुबाई मला आकड्यावरून उतरवायची, जमिनीवर पदराच्या चिंधीची चुंबळ ठेवायची आणि तिच्यात मला बसवायची. झालं. नाथाजींच्या गोल बुडाची सगळी हुशारी एका चुंबळीनं संपली. शेंगा भाजून झाल्या की वाळू परत यायची, पण तिच्याबरोबर टरफलं यायची, करपलेले दाणे यायचे. येणारे-जाणारे विड्यांची थोटकं टाकायचे. व्हरांड्यातल्या सगळ्याच बादल्यांची ही गत. वर चार बोटं वाळू आणि खाली वाळलेला कचरा. आग विझवायला टांगलेली मी, आणि ठिणगी पडली असती तर सगळ्यात आधी मीच पेटले असते. हे कळत असून मला बोलता येत नव्हतं. माझ्या जिवाची काय अवस्था होत असेल, तुम्हीच बघा.

नवीन ग्रंथालयाचा आगीचा विमा उतरवायचं ठरलं. विमा कंपनीचा माणूस पाहणीला येणार होता. मानसिंग सरांना वाटलं, आपल्या मुलांना शिकायची चांगली संधी आहे. आदल्या दिवशी त्यांनी वर्ग बाहेर काढला. "आपलंच कॉलेज परकं समजून बघा. काय जळू शकेल, कशानं जळेल."

सयाजी विजेच्या तारा बघत गच्चीवर गेला. बाकीचे ग्रंथालयात शिरले. हरणा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे पाहत होतं. तिनं टाचा उंच केल्या, बाही सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

मी दचकले. तीही दचकली. हात बाहेर आला तो टरफलांची मूठ घेऊन.

"काय हुडकतीस गं माझ्या वाळूत?" मेसच्या दारातून तानुबाई.

"मावशी, ही वाळू आगीची आहे."

"आगीचीच हाय की. रोज चुलीवर चढती."

हरणाला हसू येईना. "मावशी, खाली सगळी टरफलं आहेत. इथं ठिणगी पडली तर?"

"कवा पडली हाय आजवर?" तानुबाई जवळ आली. तिनं हरणाच्या हातातली टरफलं आपल्या ओच्यात घेतली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "हे बघ, आत्ता वरनं वाळू भरते. उद्या सायेब बघून गेला की झालं. तू कुनापाशी बोलू नगंस. माझं काम जाईल. दोन पोरींना घिऊन कुठं जाऊ?"

मेसची पोळी हरणाच्या घशाखाली उतरत नाही म्हणून तिच्यासाठी रोज ज्वारीची भाकरी वेगळी थापणारी ही तानुबाई. वसतिगृहाच्या खोलीत ती तापानं फणफणली होती तेव्हा उशाशी बसलेली ही तानुबाई.

"भाकरी खातीस माझ्या हातची," तानुबाई एवढंच म्हणाली आणि आत गेली.

वर्गात सरांनी एकेकाला विचारलं. सयाजीनं तारांबद्दल सांगितलं. हरणाची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली, बाकाची कड घट्ट धरली, आणि "काही नाही, सर," म्हणून बसली. सरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग पुढचं नाव पुकारलं.

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचे हंबीरराव आले. बरोबर प्राचार्य, मागं सर, त्यांच्या मागं मुलं. प्राचार्यांनी व्हरांडा झाडून घेतला होता. आम्हाला नवा तांबडा रंग दिला होता, अजून चिकट होता. "वाळूच्या बादल्या जागच्या जागी," ते कौतुकानं म्हणाले. हंबीररावांनी वर पाहिलं. काठोकाठ स्वच्छ वाळू. त्यांनी मान डोलावली आणि पुढं निघाले.

मला वाटलं, संपलं. मी अशीच टांगलेली राहणार, पोटात सरपण घेऊन.

"साहेब."

आवाज इतका बारीक होता की कुणी वळलं नाही. हरणा भिंतीला टेकून उभी होती. ओठ पांढरे पडलेले. "साहेब," ती पुन्हा म्हणाली, "हात घालून बघा. खालपर्यंत."

हंबीरराव परत आले. त्यांनी घड्याळ काढून सयाजीकडे दिलं आणि हात घातला. टरफलं, थोटकं, कागदाचे बोळे व्हरांड्याच्या फरशीवर पडत गेले. प्राचार्यांचा चेहरा माझ्या रंगाचा झाला.

"वाळू नेहमी जाते, साहेब," हरणा सांगत होती. तिचे शब्द थांबत नव्हते. "आज वरून भरलीय. उद्या पुन्हा जाईल. सगळ्या बादल्यांची. हे तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून सांगितलं. काल मला सरांना सांगता आलं नाही."

"कोण नेतं?" प्राचार्यांनी विचारलं.

हरणाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण नाव काही ओठांवर आलं नाही.

"म्या न्हेते," मेसच्या दारातून आवाज आला. तानुबाई हाताला पीठ तसंच घेऊन उभी होती. "त्या पोरीला कशाला रडवताय? शेंगा भाजाया न्हेते. तुमी खाता त्या."

सयाजीनं खाली मान घातली. हसू लपवायला असावी.

"आजपासून तुमचं काम बंद," प्राचार्य म्हणाले.

तेव्हा मानसिंग सर पुढं झाले. छत्री बगलेतच. आवाज नेहमीचाच. "साहेब, खरं सांगितलं म्हणून कुणाचा रोजगार गेला, तर इथून पुढं आपल्याला कुणीच काही सांगणार नाही. मग कळेल ते जळल्यावरच. यांना कामावरून काढण्यात आपली जोखीम वाढतेय, कमी होत नाहीये."

प्राचार्यांनी हंबीररावांकडे पाहिलं. हंबीरराव हात झटकत होते. "विमा आज सुरू होणार नाही," ते म्हणाले. "सगळ्या बादल्या रिकाम्या करून भरा, मग मी पुन्हा येतो. आणि बाईंना वेगळी वाळू द्या. नाहीतर परत आलो की परत टरफलंच निघतील." मग हरणाकडे वळून म्हणाले, "आमच्या कचेरीतली माणसंसुद्धा वरूनच बघून येतात. तू पास झालीस की मला येऊन भेट."

लालासाहेब रागीट होते, पण कोत्या मनाचे नव्हते. बराच वेळ ते फरशीवरच्या टरफलांकडे पाहत राहिले. त्यांतली काही त्यांच्याच पुडीतल्या शेंगांची भावंडं असणार. मग त्यांनी स्वतः हात वर करून मला आकड्यावरून काढलं आणि तानुबाईपुढं धरलं. "ही तुमची. बाकीच्यांना हात लावायचा नाही."

काम राहिलं, पण तानुबाई हरणाशी बोलेना. भाकरी बंद झाली. हरणा पानात पोळी घेऊन बसायची, तुकडा मोडायची आणि तसाच ठेवायची. मी चुलीजवळून बघायचे. तानुबाईही बघायची, आणि मग भांडी जरा जास्तच आपटायची.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी हरणा पान तसंच सारून उठली. तानुबाई पाठमोरी तव्याशी होती. न वळताच म्हणाली, "बस खाली. भाकरी टाकलीया. आन् आधी हात धुवून ये. कुठंबी घालतीस."

हरणा हात धुवायला गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तिनं तोंडही धुतलेलं होतं.

आता ती साताऱ्याला विम्याच्या कचेरीत आहे. गोदामं, गिरण्या, दुकानं बघत हिंडते. अजूनही दचकते म्हणे, पण दचकून पुढं जाते. मानसिंग सर नव्या मुलांना शिकवतात. मी तानुबाईच्या चुलीशी असते. कढईतली तापलेली वाळू माझ्यात ओततात तेव्हा अजून माझा जीव दडपतो. रंग पोळून गेलाय, 'आग' या अक्षरांतलं आता काही वाचता येत नाही. पण माझ्या पोटात काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि तेवढ्यानं मला बरीच शांत झोप लागते.

चला, शेंगा आल्या, कढई चढली, आता मला बोलायला सवड नाही. एवढंच करा माझ्यासाठी. कुठल्या कॉलेजात, कचेरीत, टॉकीजच्या जिन्यात लाल बादली टांगलेली दिसली, तर वरून बघून पुढं जाऊ नका. बाही सारा आणि हात घाला. ती दचकेल जरा. पण बरं वाटेल तिला.