डाव्या पायाची ऊब

धाकट्या दिराने वेगळे बिऱ्हाड केले त्या वर्षी माझ्या नवऱ्याचा डावा पाय थंड पडू लागला. सगळी हयात कारखान्यात लेथपुढे उभ्याने काढलेला माणूस, पण आता कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाताना दोनदा थांबायचा. पायाला रक्त पुरत नव्हते.

आमची मुलगी याच दुखण्याची डॉक्टर. विजेचे बारीक झटके देऊन पायाची नस जागी केली तर तिथले रक्त वाढते का, याची चाचणी तिने आखली होती. निम्म्या रोग्यांना खरे यंत्र, निम्म्यांना तसेच दिसणारे पण वीज न सोडणारे. कोणाला कोणते, हे रोग्यालाही ठाऊक नसायचे आणि तपासणाऱ्यालाही.

"मला घाल त्यात," हे म्हणाले.

"घरच्या माणसाला घेता येत नाही, बाबा. उद्या निकालावर कोण विश्वास ठेवेल?"

"मग नुसतं यंत्र दे."

"त्याचा उपयोग होतो की नाही, हेच अजून माहीत नाही."

"बाहेरच्यांना यंत्रं वाटायला बरं माहीत आहे, डॉक्टरीणबाई."

ती चहा अर्धा टाकून उठली.

तीच चाचणी गावाबाहेरच्या दुसऱ्या हॉस्पिटलातही चालू होती. हे गुपचूप तिथे गेले. मुलीचे आडनाव सासरचे, त्यामुळे कोणाला संशय आला नाही. या कामात नात्यातले कोणी आहे का, असे विचारल्यावर यांनी सरळ नाही म्हणून सांगितले. यंत्र घेऊन घरी आले तेव्हा चेहरा फुलला होता. रोज संध्याकाळी पोटरीला पट्टा बांधून बसायचे.

"मुंग्या येतात का?" मी विचारायची.

"येतात की. हात लाव, गरम लागतोय बघ."

मला काही तो गरम लागला नाही. मी हो म्हटले.

एका रविवारी मुलगी न सांगता आली. पट्टा पोटरीवरच होता.

"सोडा तो."

"का? तुझ्या बापाचा आहे?"

हसण्यासारखे होते, पण कोणी हसले नाही.

मी तिला स्वयंपाकघरात ओढले. "डोळेझाक कर गं. एका म्हाताऱ्यानं काय बिघडणार आहे?"

"एकाला सोडलं तर बाकीच्यांचं खरं कशावरून, आई?"

तिने तिथूनच त्या हॉस्पिटलला फोन लावला. दुसऱ्या दिवशी माणूस येऊन यंत्र घेऊन गेला.

पुढे अंगठा काळा पडला. मग बोटे. शेवटी पाय गुडघ्याखाली कापावा लागला. भेटायला येईल त्याला हे सांगायचे, "पोटच्या पोरीनं नेला."

चाचणी संपली, कोणाला काय दिले होते ते उघड झाले, तेव्हा मुलगी आली. खाटेजवळ उभी राहिली.

"बाबा, तुमचं यंत्र मुकं होतं. त्यात वीजच नव्हती. ठेवलं असतं तरी पाय वाचला नसता."

"गरम होत होता."

"कसा होईल?"

"तुझ्या कागदाला काय कळतंय? पाय माझा होता."

ती माझ्याकडे वळली. "तू तरी सांग, आई. तू हात लावून बघायचीस ना?"

दोघेही माझ्याकडे बघत होते.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

ती चपला घालून निघून गेली. त्यानंतर यांनी तिला नाडीसुद्धा बघू दिली नाही.

थोरली नात कॉलेजात गेली त्या वर्षी, थंडी संपता संपता, हे पहाटे झोपेत गेले. नाडी मुलीनेच पाहिली.