कड्यावरचं पांढरं डोकं

मित्रांनो, मी जुनी आहे हे पहिल्याच दमात सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणाची निराशा नको. मी एक पितळी दुर्बीण. लांबीला हातभर, अंगावर तीन पोचे, आणि तिपाईचा एक पाय वेगळ्याच लाकडाचा. लांबचं जवळ करून दाखवायचं, एवढंच मी जन्मभर केलं. जे दाखवलं त्यावर मत दिलं नाही. ते माझं कामच नव्हे.

माझी भिंगं एका बाईने घासली. एका काचेला तिने अकरा दिवस लावले. शेजारचा कारागीर कंटाळून म्हणाला, "अहो, पुरे की आता! काचच आहे ती." बाई मान वर न करता म्हणाली, "बघणाऱ्याचा डोळा फसला तर शिव्या मला बसतील, तुम्हाला नाही." माझ्या पेटीत तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून ठेवली: 'आधी फुंकर मारावी, मग मऊ ब्रश फिरवावा. अंगातल्या कपड्याने पुसू नये.' ती चिठ्ठी पहिल्याच हिवाळ्यात शेगडी पेटवायला गेली.

माझी नेमणूक झाली समुद्राकाठच्या डोंगरावर, एका दगडी खोलीत. खोलीला एक दार, एक खिडकी आणि एक स्टूल. खिडकीतून सगळं दिसे. खाली समुद्र कड्याला धडका देई आणि फेस थेट गवतापर्यंत उडे. वर ओलसर माळ होता, पाय टाकला की पचकन आत जाणारा. तिथे हरणं चरत. रानबकऱ्या मात्र जिथे उभं राहायला जागा नाही नेमक्या तिथेच उभ्या राहत. त्यांना त्यात काय मिळे कोण जाणे. ओहोटीला खडकांवर सील येऊन पडत, तासन्‌तास, आळशी पाहुण्यांसारखे. पाणमांजर उताणं तरंगत पोटावर खेकडा फोडे. धुकं आलं की हे सगळं पुसलं जाई आणि तास-दोन तासांनी जसंच्या तसं परत मिळे.

माझा माणूस म्हणजे तिथला पहारेकरी. कड्यावरचे पक्षी मोजायचे, कोण घरट्यात बसलं, कुणाची पिल्लं उडाली ते नोंदवहीत लिहायचं, हे त्याचं काम. खालच्या गावात त्याला सगळे 'ससाणा' म्हणत. एकदा मैलभर अंतरावरून त्याने सांगितलं होतं की होडीवाल्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय. होडीवाल्याने खात्री केली, बटण खरंच नव्हतं! तेव्हापासून हे नाव चिकटलं आणि त्याला ते मनापासून आवडलं. लोक वर येत, माझ्यातून बघत, "वा वा" म्हणत. कौतुक त्याचं होई. मी तिपाईवरच असे.

सगळ्यांत मोठी नोंद समुद्री गरुडांची. तपकिरी अंग, फिकट डोकं, पांढरी शेपटी, आणि पंख पसरले की खोलीचं दार झाकेल एवढा पक्षी. वरच्या कपारीत त्यांचं काटक्यांचं घरटं नऊ वर्षं होतं. पहारेकरी रोज सकाळी आधी तिकडे बघे, मग चहा ठेवी.

तीस वर्षांनी त्याच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. हे त्याने कुणालाही सांगितलं नाही. मला मात्र कळलं, कारण तो मला पुसायला लागला. अंधूक दिसलं की सदऱ्याचं टोक धरायचं आणि घसाघसा घासायचं. "काचच खराब झाली मेली," असं पुटपुटायचा. सदऱ्यावर वाळू असे. वर्षभरात माझ्या पुढच्या भिंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं झालं. तेव्हा तो म्हणाला ते अगदीच खोटं राहिलं नाही.

त्याच हिवाळ्यात वरून दरड कोसळली. जुन्या घरट्याची एक बाजू गेली आणि उरलेल्या काटक्यांत एक फिकट, गोल दगड येऊन बसला. वसंतात पहारेकऱ्याने सवयीप्रमाणे मला तिकडे वळवलं, बराच वेळ डोळा लावला आणि वहीत लिहिलं, 'मादी अंड्यांवर बसली.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'मादी बसून. शांत.' शांत तर असणारच! दगड होता तो. मला ते स्पष्ट दिसत होतं, पण दुर्बिणीला तोंड नसतं.

एरवी यात कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या वर्षी कड्याखालून नवा रस्ता व्हायचा होता. किनाऱ्यालगतचा जुना रस्ता लाटांनी खाल्ला होता आणि पलीकडच्या गावात महिनोन्‌महिने गाडी जात नव्हती. सुरुंग लावून खडक फोडायचा, असं ठरलं होतं. नियम एकच होता: कड्यावर गरुडांचं घरटं नांदतं असेल, तर पिल्लं उडेपर्यंत सुरुंग नाही. घरटं नसेल, तर दुसऱ्या दिवसापासून काम. नांदतं आहे की नाही हे ठरणार होतं पहारेकऱ्याच्या वहीवरून.

आणि रस्त्याच्या कामावरची मुकादम होती त्याची स्वतःची मुलगी. तिची चाळीस माणसं खाली हातावर हात ठेवून बसली होती.

मादी बसल्याच्या नोंदीपासून पंचावन्नाव्या दिवशी सकाळी ती चढ चढून वर आली. धापा टाकतच म्हणाली, "बाबा, पिल्लं कधी निघणार?"

"या मुकादमबाई. आधी बसा तर."

"बसायला नाही आले. पलीकडच्या गावात आजारी माणसाला खाटेवर उचलून आणतायत. ती लोकं मला विचारतात, काय सांगू?"

"सांग, मादी अजून अंड्यांवर आहे."

"पंचावन्न दिवस? तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत, चाळीसच्या आत अंडं फुटतं म्हणून. अंडं आहे की दगड?"

ती आपली वैतागून बोलली. तिने स्टूल ओढलं आणि माझ्या भिंगाला डोळा लावला. तिची नजर तरुण होती, ओरखड्यांतूनही तिला वाट मिळाली. ती बराच वेळ बघत राहिली. मग डोळा काढून बापाकडे बघायला लागली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दगडच आहे तो."

पहारेकऱ्याने हात पुढे केला तो चहाच्या कपाकडे, पण कप होता एक वीत बाजूला. तेवढ्याने तिला सगळं समजलं.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि कुणाला बोलला नाहीत?"

"ससाण्याला दिसत नाही म्हणून सांगू? लोकं हसली असती. आणि ही खोली गेली असती." तो भिंतीला टेकला. "जा, सांग खाली. घरटं नाही. उडव तुझे सुरुंग."

तिला हेच तर हवं होतं. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. तेवढ्यात खिडकीवरून जड पंखांची फडफड गेली आणि पहारेकऱ्याने मान वळवली.

"थांब जरा. उजवीकडून डावीकडे गेला ना?"

"हो. गरुडच होता. पायात मासा होता."

"रोज ओहोटी लागली की असाच जातो. मी ऐकतो. मला वाटायचं, मादीला खाऊ घालायला वर वळत असेल." तो उठून उभा राहिला. "पण वर तर दगड आहे. मग बाळ, हा मासा नेतो कुणाला?"

ती चाळीस माणसांची मुकादम, घाईत होती, रागातही होती. पण ती बापाच्याच हाताखाली वाढली होती. तिने दार लावलं आणि परत स्टुलावर बसली. तो सांगत गेला: डावीकडे वळव, आता खाली, वाऱ्याच्या आडोशाला बघ, झुडूप असेल, त्याच्या मागे. ती मला वळवत गेली. मित्रांनो, इतक्या वर्षांत मला कुणी नुसत्या कानांच्या भरवशावर इतकं अचूक फिरवलं नव्हतं. दोन तास गेले. गरुड पुन्हा आला.

"बाबा..."

"किती?"

"दोन. राखाडी, भुरी. एक दुसऱ्याच्या डोक्यावर उभं आहे. मादी मासा फाडून भरवतेय."

"आणि खाली काय आहे?"

तिने मला खाली वळवलं. खाली, अगदी सरळ खाली, तिनेच परवा लाल रंगाने मारलेल्या सुरुंगाच्या खुणा होत्या.

पहारेकरी रडला. लपवलं नाही त्याने. तिने वही ओढली आणि लिहिलं, 'नवं घरटं. पिल्लं दोन.' पुढे बघणाऱ्याचं नाव लिहायची जागा होती. तिथे तिने दोघांची नावं लिहिली.

रस्ता दोन महिने उशिरा झाला. पलीकडच्या गावाने तिला नको नको ते ऐकवलं, आणि त्यांचंही चुकलं नव्हतं. तोवर तिची चाळीस माणसं आजाऱ्यांना उचलून आणायला जात होती. पिल्लं उडाली त्या दिवशी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वारा होता, ती उडाली.

पहारेकऱ्याच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली, पण उशीर झाला होता. एका डोळ्याला थोडं दिसतं, दुसऱ्याला नाही. मलाही दुरुस्तीला पाठवलं. कारागिराने भिंग उजेडात धरलं आणि म्हणाला, "सदऱ्याने पुसलंय ना? मग आता हे असंच राहणार." खोलीत नवीन दुर्बीण आली. मी कपाटात आहे, भिंगावर झाकण. मुलं येतात, झाकण न काढताच डोळा लावतात आणि "मस्त दिसतंय!" म्हणतात. एकालाही वाटत नाही की काही दिसत नाही म्हणून सांगावं.

म्हणून एवढंच मागते, मित्रांनो. काच पुसायची तर आधी फुंकर, मग मऊ ब्रश. हे त्या बाईने केव्हाच लिहून ठेवलं होतं. आणि दुसरं मी माझ्या माणसाकडून शिकले. तो अजून ओहोटीच्या वेळेला चढ चढून येतो, मला कपाटातून बाहेर काढायला लावतो, डोळा लावतो. मग बाजूला होऊन, जो कुणी तिथे असेल त्याला म्हणतो, "मला दिसत नाही रे. तू बघ आणि मला सांग."