समुपदेशक येईल

हिंसक अतिरेकीपणा रोखण्याचं राष्ट्रीय धोरण सुधारायला बसलेल्या समितीत सकाळीच हातघाई झाली. हेल्पलाइन गृहखात्याची की समाजकल्याणची, यावरून दोन उपसचिवांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. इतिवृत्तात 'सखोल चर्चा' अशी नोंद झाली.

मसुदा लिहिणारा कक्ष अधिकारी भांडणात पडला नाही. त्याचा जीव एकाच वाक्यात अडकला होता: घरच्यांनी फोन केला तर पोलीस नाही, समुपदेशक येईल. ते वाक्य त्याने ताईच्या मुलासाठी घातलं होतं. भाचा भलत्याच लोकांत उठबस करू लागला होता आणि हल्ली पाणी मागतानाही भाषण द्यायचा. "धोरण येऊ दे, मग बिनधास्त फोन कर," असं यानेच ताईला सांगून ठेवलं होतं.

"समुपदेशक आहेत किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"पद मंजूर आहे, साहेब," कक्ष अधिकारी म्हणाला. "माणूस नाही."

"मग वाक्य काढा. नसलेला माणूस पाठवणार कसा?"

"पण पोस्टरं लागलीत. त्यांवर तेच वाक्य आहे."

"पोस्टरं राहू द्या. त्यांवरचं कबुतर गोंडस आलंय."

जेवणाच्या सुट्टीत त्याने जिन्यात उभं राहून फोन लावला. "ताई, एवढ्यात कुणाला कळवू नकोस हं."

"कळवलं की. काल. चौकात पोस्टर दिसलं. म्हटलं, आपल्या भावाचंच काम, भ्यायचं कशाला?"

"मग?"

"आठ जण आले. दार उघडंच होतं, तरी तोडलं."

संध्याकाळी तो ताईकडे गेला, तेव्हा चौकटीत दार नव्हतं. पोराकडे काही सापडलं नाही, म्हणून पोलिसांनी सकाळी सोडून दिलं होतं. सुजलेल्या ओठांनी त्याने आईला एवढंच विचारलं, "तू बोलावलंस?" ती हो म्हणाली. मग त्याने कपडे भरले. भाषण दिलं नाही.

"कुठे गेलाय?"

"मला काय माहीत."

ताईला खोटं बोलणं कधी जमलंच नाही. तिची नजर खाली गेली, मान लाल झाली.

"ताई, सांग. अजून वेळ आहे. मी एकटाच जातो, समजावतो."

"पोस्टरवरही तसंच लिहिलं होतंस."

"मी तुझा भाऊ आहे गं."

"म्हणून तर चहा विचारते. घेणार?" असं म्हणून ती त्या मोकळ्या चौकटीत आडवा हात लावून उभी राहिली.