पूर्ण दशांश

जयदीप वझलवारला स्वतःच्या लेकीच्या लग्नाला आत जायला पास लागणार होता. ऐकणाऱ्याला गंमत वाटेल. नागपूरला शेजाऱ्याचा पाहुणासुद्धा पंगतीत बसून जेवून जातो, कोणी नाव विचारत नाही. आणि इथे कॅनडात, ब्रॅम्पटनला नवरीचा बापच दारावर पास दाखवणार. पण मॉर्मन लोकांचं टेम्पल म्हणजे रविवारचं साधं चर्च नव्हे. तिथे लागलेलं लग्न मरणानंतरही तुटत नाही अशी श्रद्धा, आणि ते बघायला फक्त पासवाल्यांनाच आत सोडतात. पास मिळतो बिशपने घेतलेल्या मुलाखतीनंतर. त्यातला एक प्रश्न ठरलेला: तुम्ही पूर्ण दशांश देता का? म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, चर्चला.

जयदीपने वर्षभरात छदाम दिला नव्हता.

माणूस कंजूष नव्हता, कृतघ्न तर नव्हताच. या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात तो बेकार होता, बायकोला, अनुयाला, दिवस गेले होते आणि बेसमेंटमध्ये एका गादीशिवाय सामान नव्हतं. तेव्हा दार वाजवलं ते याच लोकांनी. त्यांनी सोफा आणला, किराणा भरला, बाळंतपणात त्यांच्या बायका आळीपाळीने डबे घेऊन आल्या. आपली मराठी मंडळी ‘काही लागलं तर कळवा हं’ म्हणून गेली ती गेलीच. पुढे नवराबायको दोघांनी बाप्तिस्मा घेतला. नागपुरात आईला कित्येक दिवस अन्न गोड लागलं नाही, पण जयदीप मिठाला जागला. पगार झाला की आधी दशांश, मग घरभाडं.

मग बातम्या यायला लागल्या. चर्चची गुंतवणूक अब्जावधी डॉलरची. ती नीट जाहीर केली नाही म्हणून अमेरिकेच्या नियामकांनी दंड ठोकलेला. कॅनडातल्या दशांशातला मोठा वाटा सीमेपलीकडच्या विद्यापीठाला गेल्याचं छापून आलेलं. चर्चचं म्हणणं, ही अडल्यानडल्या दिवसांसाठीची गंगाजळी आहे आणि सगळं कायद्यात बसतं. बसतही असेल. पण शेजारच्या वॉन शहरातल्या गोदामात माल कुठून आला आणि कुठे गेला हे बघण्यात जयदीपची उमर गेलेली. एका रविवारी त्याने चर्चच्या वर्गात हात वर केला. “एवढं साठलेलं असताना, ज्याच्याकडे भाड्याला पैसे नाहीत त्याच्याकडूनही दहावा हिस्सा कशाला?”

“आपण देवाला देतो. पुढचं देव बघेल,” कोणीतरी म्हणालं. नंतर कॉरिडॉरमध्ये दोघाचौघांनी हळूच त्याचा दंड दाबला, बरं विचारलंत म्हणाले, आणि पुढच्या रविवारी त्याच्यापासून चार खुर्च्या लांब बसले. माणसं सगळीकडे सारखीच. तेव्हापासून जयदीपचा दहावा हिस्सा गरिबांना फुकट किराणा देणाऱ्या गावातल्या फूड बँकेत जायला लागला.

मराठी मंडळातले निवृत्त डॉक्टर चारुदत्तकाका यावर पोट धरून हसले होते. “अरे, आपल्या देवस्थानांना कधी हिशेब विचारलास का? मग गोऱ्यांच्याच देवावर काहून चिडतोस?”

“आपल्या देवस्थानाने मला लेकीच्या लग्नाच्या दारात नाही अडवलं, काका,” जयदीप म्हणाला. काका हसायचे थांबले.

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. ईशानी त्याची एकुलती एक. ती अल्बर्टा प्रांतातल्या चार पिढ्यांच्या मॉर्मन घरात पडणार होती. आधी बाहेर साधं लग्न करू, मी तिथे येईन, असं जयदीपने सुचवून पाहिलं. “That’s not the real one, बाबा,” ती म्हणाली. टेम्पलच्या लग्नाला दोन साक्षीदार लागतात, आणि त्यातला एक बाबा, हे तिने लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

“कोणी तपासत नाही हो,” अनुया समजावत होती. “बिशप विचारणार, तुम्ही हो म्हणणार, संपलं. मग भांडा काय भांडायचं ते.”

“देवाच्या नावाने विचारतात ना? मग तोंडावर खोटं बोलू?”

“मग पोरीचं लग्न लागत असताना पार्किंगमध्ये बसा!”

“बाबा, it’s one word,” ईशानी म्हणाली, आणि रडायला लागली. लेकीचं रडणं जयदीपला कधीच सोसवत नसे. इकडे आड, तिकडे विहीर. मन घट्ट करून त्याने ठरवलं, खरं ते सांगायचं. दिलाय की दहावा हिस्सा, फक्त भुकेल्यांना दिलाय. बिशप माणूस आहे, समजून घेईल. नाही घेतलं तर बसू बाहेर.

रविवारी चर्चमधल्या छोट्या खोलीत तो बिशप कार्सनसमोर बसला. कार्सन शाळेत मुख्याध्यापक. बिशपकीचा त्यांना पगार नव्हता. त्या पहिल्या हिवाळ्यात सोफ्याचं एक टोक धरून बेसमेंटच्या पायऱ्या उतरले होते ते हेच. एकेक प्रश्न होत गेला.

“प्रत्येक गोष्टीत प्रामाणिक राहायचा प्रयत्न करता?”

“हो.”

“पूर्ण दशांश देता?”

“नाही,” जयदीप म्हणाला, आणि वर्षभरात पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला.

कार्सन गोंधळले. वझलवारचं त्यांनी केव्हाच वॅझ करून टाकलं होतं. “ब्रदर वॅझ, असं कसं? गेल्या रविवारी तुमच्या नावाचा लिफाफा आला की. सगळ्या वर्षाचा. खरं सांगू, मला फार आनंद झाला. वाटलं, तुम्ही परत आलात.” ते खुर्चीत पुढे झुकले. “तुम्हीच दिलात ना?”

वर्षाचा दहावा हिस्सा काढण्याइतका जयदीपचा पगार नेमका माहीत असलेलं माणूस जगात एकच होतं: दरवर्षी त्याचा टॅक्स भरून देणारी ईशानी. कार्ट्यांना कॉम्प्युटर येतो म्हणून आईबाप सगळे कागद त्यांच्यापुढे टाकून मोकळे होतात, त्यातलीच गत.

मी नाही दिला म्हणावं, तर मग कोणी दिला? याच खुर्चीत ते पोरीला बसवतील आणि विचारतील, प्रत्येक गोष्टीत प्रामाणिक आहेस? बापाच्या नावाने देवाघरी खोटा लिफाफा टाकलेली पोर काय सांगणार? तिचा पास याच माणसाच्या सहीचा होता. तो गेला की लग्नही गेलं. खरं बोलायला म्हणून जयदीप आला होता, आणि आता खरं बोलायचीच सोय उरली नव्हती.

“हो, मीच दिला,” तो म्हणाला. “विसरलोच होतो.”

कार्सन मनापासून हसले. “वय झालं आपलं.” त्यांनी पासवर सही केली, उठून जयदीपला मिठी मारली. माणूस चांगला होता, आणि म्हणूनच जयदीपला ती मिठी सहन होईना.

कॉरिडॉरमध्ये मायलेकी उभ्या होत्या. त्याच्या हातातला पास बघून ईशानीचा चेहरा उजळला.

“कुठून आणलेस पैसे?” त्याने दबक्या आवाजात विचारलं.

“Condo च्या down payment मधून. It’s okay, बाबा. आम्ही थोडे दिवस तुमच्या basement मध्ये राहू.”

तिच्या थोबाडीत मारावी असं त्याला वाटलं आणि तिला पोटाशी धरावं असंही वाटलं. जे पैसे जाऊ नयेत म्हणून त्याने घरादाराशी वैर घेतलं, ते पोरीने स्वतःच्या घराचे काढून नेमके तिथेच नेऊन घातले होते, आणि तेही बापाच्या प्रेमापोटी. ओरडावं तर बंद दारामागे बिशप. अनुयाने त्याचा टाय सरळ केला. तिलाही माहीत होतं तर.

“आणि बाबा, next Sunday ला बिशपच्या वरचे president तुमचा interview घेतील,” ईशानी म्हणाली. “Same questions. पासवर त्यांचीही सही लागते ना. तुम्ही same answers द्या, okay?”

“सगळी? प्रामाणिकपणाचंही?”

“हो. सगळी.”

“देतो,” जयदीप म्हणाला.