टोक कापलेले गळ

माझ्या बाबांनी जन्मभर मासे पकडायच्या वस्तू बनवल्या आणि एकही मासा पकडला नाही. हे ऐकून लोक हसतात. मीही पूर्वी हसायचे.

चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एक छोटा कारखाना होता. तिथे पिसांचे खोटे किडे बनायचे. बारीक गळ शिकंज्यात धरायचा, त्यावर दोरा गुंडाळत कोंबड्याच्या मानेची पिसं, सशाचे केस, चमकीची तार असं काय काय बांधायचं, की पाण्यावर पडल्यावर माशाला वाटावं खराच किडा पडला. सगळा माल परदेशात जायचा, तिकडच्या थंड नद्यांत ट्राउट नावाचा मासा असतो त्याच्यासाठी. कारखान्यात या वस्तूला फ्लाय म्हणायचे, म्हणून आमच्या घरातही फ्लायच. बाबा, म्हणजे कडुबा, बांधणीवर होते. आई, भामाबाई, तपासणीवर. ट्राउट दोघांनीही फक्त कारखान्यातल्या कॅलेंडरवर पाहिला होता.

तपासणीची एक रीत होती. पास झालेली फ्लाय पांढऱ्या डब्यात जायची. नापास झाली की आई कटरने गळाचं टोक उडवायची आणि ती लाल डब्यात टाकायची, म्हणजे कुणी गुपचूप नेऊन बाजारात विकायला नको. टोक गेलं की फ्लाय मेली. बाबा नवीन लागले तेव्हा आईने त्यांचा अख्खा ट्रे लाल डब्यात घातला होता. बाबा भांडायला गेले आणि पुढे लग्न झालं, हा आमच्या घरातला लाडका किस्सा. त्यानंतर आपली एकही फ्लाय भामाच्या कटरखाली गेली नाही, असं बाबा आल्यागेल्याला सांगायचे. आई म्हणायची, "व्हय व्हय, सांगा अजून." पण खोटं आहे असं कधी म्हणाली नाही.

कारखाना बंद पडला तेव्हा निरोपाला बाकीच्यांना शाल आणि नारळ मिळाला. बाबांना शेठने फ्लाय टाकायची काठी दिली, रीळ-दोरीसकट. आमच्या मुकुंदवाडीतल्या माणसाने तिचं काय करायचं ते शेठलाच माहीत. काठी कपाटावर गेली. शिकंजा मात्र बाबांनी गळांच्या डबीसकट मागून आणला, खिडकीजवळच्या टेबलाला लावला आणि ड्युटीवर आल्यासारखे रोज सकाळी तिथे बसू लागले. आता कुणासाठी बांधता, असं मी चिडून विचारायचे. ते म्हणायचे, "हात रिकामा ऱ्हायला की दुखतो गं."

खरं तर हात दुखण्याच्या पलीकडे गेले होते. शुगरने त्यांची बोटं बधिर केली होती. एकदा गळ डाव्या तर्जनीत रुतला आणि त्यांना पत्ताच नाही. जेवताना भाकरीवर रक्त दिसलं तेव्हा आई ओरडली. बोट चिघळलं, अर्धं कापावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं की आता साधी जखमसुद्धा झाली तर हाताचा भरवसा नाही. डोळ्यांचंही तेच. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. दिसतंय तेवढे दिवस काढा, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले आणि बाबांनी ते ऐकलं.

बाबा ऐकणाऱ्यातले नाहीत. आईने हात जोडले, अबोला धरला, एकदा शिकंजा लपवूनही पाहिला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग आईने तिच्या परीने इलाज काढला. मला तो पुढे तळ्यावर कळला, तुम्हाला आधीच सांगते. बाबा आंघोळीला गेले की ती त्यांची गळांची डबी काढायची आणि कारखान्यातल्याच कटरने एकेका गळाचं टोक उडवायची. डबीतले सगळे गळ तिने बोथट करून ठेवले. शिकंज्याच्या जबड्यात गळाचा वाकलेला भागच जातो, टोक आत झाकलं जातं. बाबांच्या बोटाला ते कळायचं नाही, डोळ्याला दिसायचं नाही. बोटं सलामत राहिली आणि आईला झोप लागू लागली.

दसरा झाल्यावर बाबा मला म्हणाले, "निशा, येकदा पाह्यचंय. माझ्या फ्लायला मासा लागतो का नाय."

मी ऑफिसातून दमून आले होते. म्हटलं, "बाबा, मासे शहागंजात मिळतात. कापून देतात, साफ करून देतात."

"खायाचा नाय. पाह्यचाय." मग म्हणाले, "दिसतंय तवर."

काठी कपाटावरून उतरली. बाबांनी मोबाइलवर गोऱ्या माणसांचे व्हिडिओ मोठे करकरून पाहिले आणि रोज संध्याकाळी गच्चीवर सराव सुरू केला. दोरीच्या शेवटाला लोकरीचा तुकडा बांधायचा आणि काठी मागेपुढे हलवत दोरी हवेत लांब सोडायची. पहिले काही दिवस लोकर शेजारच्या वच्छलाबाईंच्या वाळवणात पडायची. त्या म्हणायच्या, "कडुबा, माझ्या साडीत कोन्ता मासा दिसला तुमाला?" बाबा ओशाळून हसायचे, पण सोडलं नाही. महिनाभरात दोरी सरळ जाऊन कठड्यावरच्या कुंडीपाशी अलगद टेकू लागली. त्यांना इतकं खुशीत मी कारखाना बंद पडल्यापासून पाहिलं नव्हतं.

आई हे सगळं जिन्यात बसून पाहत होती. टोकाचं सांगून टाकावं असं तिच्या मनात आलंच असणार. नंतर मी तिला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "मला काय ठावं खरंच मासा येईल म्हणून? त्या पिसाला कोण तोंड लावतंय?" मला आधी संतापच आला. मग लक्षात आलं की हजारो फ्लाय डोळ्यांखालून घालवणाऱ्या माझ्या आईचा माशावर कधी विश्वासच नव्हता. तिच्या लेखी फ्लाय म्हणजे पास किंवा नापास. पाण्याचा त्यात संबंधच आला नव्हता.

माझ्या ऑफिसातला गोकुळ फुलंब्रीहून रोज ये-जा करतो. त्यांच्या शेताला लागून पाझर तलाव आहे. मच्छीमार सोसायटीच्या लोकांना विचारून त्याने परवानगी काढली आणि रविवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षाने तिथे पोचलो. आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. पाणी मातकट आणि मुकं. कडेच्या उंच पाणकणसाच्या गवताकडे गोकुळने बोट दाखवलं. "तिथं मरळ हाय, काका. बेडूक दिसला की झेपच घेते."

बाबांनी मरळीसाठीच एक मोठी फ्लाय बांधून आणली होती. कोंबड्याची तांबडी-काळी पिसं, पोटाला पिवळी लोकर. ती बांधायला त्यांना आठवडा लागला होता. पूर्वी एका तासात अशा कितीतरी व्हायच्या. दोरीला गाठ मारून देताना माझ्या हाती ती फ्लाय होती, पण मी पिसं बघत होते, टोक नाही. आई आमच्यापासून लांब एका दगडावर जाऊन बसली. मला वाटलं गुडघे दुखतात.

बाबांनी काठी उचलली. दोरी गच्चीवरच्यासारखीच सरळ गेली आणि फ्लाय पाणकणसाच्या कडेला टेकली. ते दोरी थोडी थोडी ओढत राहिले. काही नाही. पुन्हा टाकली. गोकुळचा चहा पिऊन झाला, माझे दोन फोन झाले. मनात म्हटलं, चला, पाण्यावर येऊन गेलो, हेही काही कमी नाही.

आणि पाणी फुटलं. काळं, हातभर अंग वर आलं, फ्लाय गिळली आणि काठी खाली वाकली. बाबांचं तोंड नुसतं उघडं राहिलं. त्यांनी काठी वर घेतली, दोरी ताठ झाली आणि लगेच ढिली पडली.

"आली व्हती," ते म्हणाले. "निशा, पाह्यलंस का? माझ्या फ्लायवर आली व्हती."

"पाहिलं बाबा." मला रडूच आलं. आनंदाने, हे कबूल करते.

"झटका उशिरा बसला, काका," गोकुळ म्हणाला. "परत टाका. भुकेली दिसती."

बाबांनी टाकली. ती पुन्हा आली, या वेळी आणखी जोरात. बाबांनी वेळेवर झटका दिला, मी पाहिलं, गोकुळनेही पाहिलं. पुन्हा दोरी ढिली. त्यानंतर एकदा तर मासा काठाच्या दिशेने चांगला ओढला गेला. त्याचं डोकं, पांढरं पोट, सगळं दिसलं. मग त्याने तोंड उघडलं आणि फ्लाय थुंकल्यासारखी सोडून दिली. घाई नाही, धडपड नाही.

ते थुंकणं बाबांनी जवळून पाहिलं. तेवढं त्यांना दिसलं.

त्यांनी काठी गवतावर ठेवली आणि खाली बसले. गोकुळ हाताला दोष देत होता, सराव होईल म्हणत होता. बाबांनी मान हलवली. "हाताचं नाय. हात बरुबर हाय. माशाला तोंडात घेतल्यावर कळतंय. खोटं हाय ते कळतंय." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जिंदगीभर खोटंच बांधलं. आन् ते बी जमलं नाय."

मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आई दगडावरून उठली. ती आमच्यापर्यंत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"निशाचे बाबा, फ्लाय चांगली हाय. गळाला टोक नाय."

"आं?"

"म्या कापलं. तुमचं बोट गेलं त्याच्या नंतर. डबीतल्या समद्यांचं."

बाबांनी दोरी ओढून फ्लाय हातात घेतली. बोटाने चाचपून उपयोग नव्हता, म्हणून गळ खालच्या ओठाला लावला. ओठाला अजून कळायचं. इकडून तिकडून फिरवून पाहिला. ओठावर साधा ओरखडाही उठला नाही.

मला वाटलं, आता भडका उडणार. माझ्या डोक्यात तर उडालाच होता. पण बाबा हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे समदी लाल डब्यात."

"तसं नाय वो."

"टोक कापल्यावर दुसरा कोन्ता डबा असतोय, भामा?"

आई रडायला लागली. मी तिला एवढं रडताना बोट कापलं तेव्हाही पाहिलं नव्हतं. गोकुळ बिचारा धावत घरी जाऊन त्याच्या धाकट्या भावाचा गांडूळ लावायचा गळ घेऊन आला. म्हणाला, यावर बांधा, मरळ अजून तिथंच आहे. बाबांनी तो घेतला, तळहातावर ठेवला, डोळ्यांजवळ नेला आणि परत दिला. "आठ दिस लागतात, बाळा," ते म्हणाले. येताना रिक्षात ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले.

घरी आल्यावर आईशी ते बोलत नव्हते असं नाही. चहा मागायचे, गोळ्या मागायचे. किस्सा मात्र पुन्हा सांगितला नाही. टेबलाशी बसणंही थांबलं. शिकंज्यावर धूळ जमली, ती आई रोज पुसायची.

मग एक दिवस आईने मला तिच्या पैशांतून गळ मागवायला लावले, त्याच मापाचे, परदेशी, टोकदार. पाकीट आलं तेव्हा पौष लागला होता. तिने ते आपल्या हाताने उघडून शिकंज्याजवळ वाटीत ओतलं आणि बाबांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. "बांधा," म्हणाली. "येत्या उन्हाळ्यात परत जाऊ फुलंब्रीला. म्या कटर भंगारवाल्याला दिलं."

बाबांनी वाटीत हात घालून एक गळ काढला. तो ओठाला लावला. टोक टचकन रुतलं आणि ओठावर रक्ताचा ठिपका आला. आईने तो पाहिला. पदर हातात घट्ट धरून ती जागच्या जागी उभी राहिली.

"चांगला हाय," बाबा म्हणाले. त्यांनी गळ शिकंज्याकडे नेला. तो जबड्याच्या बाजूने खाली गेला, टेबलावर पडला. त्यांनी चाचपून उचलला, पुन्हा नेला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी उचललाच नाही.

"आता दिसत नाय, भामा."

आई खिडकीचा पडदा सारायला गेली. बाहेर लख्ख दुपार होती आणि पडदा सकाळपासून उघडाच होता.